चोवीस व्होल्टच्या लष्करी ट्रकात बारा व्होल्टचं सामान: अर्धी बॅटरी नको, वेगळी शाखा ओढा

प्रश्न असा आहे. कोलोरॅडोत राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी अमेरिकी लष्कराच्या लिलावातला एम-३५ ए-२ ट्रक घेतलाय. अडीच टनी, तिन्ही अ‍ॅक्सल ओढणारा, मल्टिफ्यूएल (डिझेलखेरीज इतर इंधनांवरही चालणाऱ्या) इंजिनाचा. त्यात त्यांना हॅम रेडिओ (हौशी लोकांचा दूरवर बोलायचा वायरलेस), फोनचं चार्जिंग, मागचा कॅमेरा, कामाचे दिवे आणि छोटा फ्रिज बसवायचाय, शिवाय मागे साधा नागरी ट्रेलर जोडायचाय. ट्रक २४ व्होल्टचा, सामान बहुतेक १२ व्होल्टचं. ते विचारतात, "ट्रकात १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेतच. त्यातल्या एकीवरून १२ व्होल्ट घेतले तर काय बिघडलं? आपल्याकडे ट्रकवाले टेप असाच लावतात."

लावतात, हे खरंच आहे. पण त्याच ट्रकवाल्यांची एक बॅटरी दुसरीच्या कितीतरी आधी का बसते, हे कुठल्याही बॅटरीच्या दुकानात विचारून बघा. माझं उत्तर स्पष्ट आहे: एकीवरून घेऊ नका. अगदी फोनच्या चार्जरपुरतंसुद्धा नको, कारण एकदा तिथे वायर लागली की पुढचं प्रत्येक सामान त्याच वायरीला लटकतं.

का, ते नीट सांगतो, कारण पुढचं सगळं वायरिंग याच मुद्द्यावर उभं आहे. दोन्ही बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीच्या पुढे दुसरी अशा जोडलेल्या आहेत. चार्जिंगचा करंट दोघींतून तोच आणि तेवढाच जातो, आणि रेग्युलेटरला दिसते ती फक्त दोघींची बेरीज. ती २८ व्होल्टच्या आसपास पोचली की त्याच्या लेखी चार्जिंग पूर्ण. आता समजा रात्रभर तुमचा रेडिओ खालच्या बॅटरीवर चालला, म्हणजे जिचं निगेटिव्ह चासीला आहे तिच्यावर. सकाळी सेल्फ मारला. वरची बॅटरी जवळपास भरलेली, खालची रिकामी. वरचीचा व्होल्टेज झटकन चढतो, खालचीचा चढत नाही. बेरीज २८ झाली, पण तिची वाटणी १५.१ आणि १२.९ अशी काहीतरी झालेली असते. वरची बॅटरी रोज उकळते, पाणी उडवते. ती एजीएम, म्हणजे सीलबंद प्रकारची असेल तर झडपेतून वायू बाहेर पडतो आणि आतून कोरडी होते, वरून पाणी घालायची सोयही नाही. खालची कायम अर्धपोटी राहते आणि तिच्या प्लेटांवर सल्फेट चढतं. म्हणजे एका रेडिओपायी दोन्ही बॅटऱ्या जातात, दोन वेगवेगळ्या कारणांनी. अमेरिकी लष्कराच्या ६टी मापाच्या एजीएम बॅटऱ्या स्वस्त नाहीत, आणि एकेक सुमारे ४० किलोची असते, बदलतानाही कंबर लागते.

तुमच्या ट्रकात आधीच्या मालकाने असा टॅप, म्हणजे एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट, घेतलाय का, हे पाच मिनिटांत कळतं. इंजिन चालू ठेवा, अर्धा तास फिरवून आणलेलं असलं तर उत्तम. मल्टिमीटर आधी एका बॅटरीच्या दोन खांबांवर लावा, मग दुसरीच्या. दोन्ही आकडे १४ च्या आसपास आणि एकमेकांना चिकटून असले पाहिजेत. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला तर दोघींच्या मधल्या जोडपट्टीवर एखादी आगंतुक वायर बसलेली आहे का बघा. नसेल तर एक बॅटरी नवी आणि एक जुनी अशी जोडी असेल. जोडी नेहमी एकाच कंपनीची, एकाच वयाची ठेवा.

वरच्या बॅटरीवरून १२ व्होल्ट घेणं तर थेट धोक्याचं. तिथून घेतलेल्या वायरीचं "निगेटिव्ह" प्रत्यक्षात चासीपेक्षा १२ व्होल्टने वर असतं. रेडिओचा लोखंडी डबा डॅशबोर्डला टेकला किंवा अँटेनाच्या वायरीवरची तारांची वेणी बॉडीला लागली की बॅटरी थेट शॉर्ट. ज्या वायरी जळताना मी पाहिल्यात, त्यांतल्या बऱ्याच अशाच जळालेल्या आहेत.

अपवाद आहेत, पण त्यांच्यामागे कारण आहे. १९८४ ते १९८७ च्या दरम्यानचे शेवरोलेचे लष्करी पिकअप, एम-१००८ आणि त्याची भावंडं, यांत सेल्फ २४ व्होल्टचा आणि बाकीचं बरंचसं १२ व्होल्टचं. तिथे मधून १२ व्होल्ट घेतलेले चालतात, कारण गाडीत दोन अल्टरनेटर असतात आणि खालच्या बॅटरीला भरणारा स्वतंत्र धनी असतो. त्यानंतरच्या एम-१०७८ ट्रकात एकाच अल्टरनेटरला १४ आणि २८ अशी दोन तोंडं आहेत. तुमच्या एम-३५ ए-२ मध्ये यातलं काहीच नाही. बहुतेक हम्वी या लष्करी जीपांतही नाही. मधल्या बिंदूला कोणी भरत असेल तरच तिथून उचला, इतका साधा नियम आहे. देशातल्या वाचकांसाठी इथेच सांगतो: लिलावातून घेतलेला अशोक लेलँड स्टॅलियन असो की एसटीची जुनी बस, दोन्ही २४ व्होल्टच्या, आणि वर लिहिलेलं सगळं त्यांनाही लागू. स्टॅलियन घेणाऱ्याने वायरिंगच्या आधी रंग मात्र बदलावा. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना चालतो.

मग १२ व्होल्ट आणायचे कुठून? तीन मार्ग आहेत. पहिला, २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर. दुसरा, बॅटरी इक्वलायझर. तो मधल्या बिंदूवर बसतो आणि दोन्ही बॅटऱ्यांचा व्होल्टेज सारखा राखतो. मोठ्या बसगाड्यांत हा प्रकार सर्रास असतो, चांगला चालतो, पण महाग पडतो आणि बंद पडला तर कळत नाही, पुन्हा मूळ रोग सुरू. तिसरा, वेगळी १२ व्होल्टची तिसरी बॅटरी आणि तिला २४ वरून भरणारा चार्जर. तुमच्या यादीत १०० वॅटचा हॅम रेडिओ आहे, तो बोलताना २० अँपिअरच्या आसपास ओढतो. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर तेही झटक्याने करंट मागतात. असे झटके कन्व्हर्टरला मानवत नाहीत, बॅटरीला मानवतात. म्हणून तुमच्यासाठी मी तिसरी बॅटरीच सुचवेन. नुसता फोन, कॅमेरा आणि सीबी रेडिओ (ट्रकवाल्यांचा कमी ताकदीचा वायरलेस) असता तर ३० अँपिअरचा चांगला कन्व्हर्टर पुरला असता.

कन्व्हर्टर घ्या किंवा चार्जर, तो केबिनमध्ये बसवा, सामानाजवळ. बॅटरीपासून केबिनपर्यंत २४ व्होल्टच न्या. हिशेब बघा: अमेरिकी १० गेजच्या वायरीत मीटरला साधारण ३.३ मिलिओहम रोध असतो. जाऊन-येऊन १० मीटर वायर धरा. १२ व्होल्टवर २० अँपिअर नेलेत तर वाटेत ०.६६ व्होल्ट गळतात, साडेपाच टक्के. तेवढीच ताकद २४ वर नेलीत तर करंट निम्मा, गळती ०.३३ व्होल्ट, दीड टक्क्याहूनही कमी. हॅम रेडिओला १३.८ व्होल्ट लागतात आणि व्होल्टेज पडला की तो बोलताना गुरगुरतो, त्यामुळे हा फरक कानाला कळतो.

आता शाखा कशी काढायची. बॅटरीच्या २४ व्होल्टच्या पॉझिटिव्हवरून एकच जाड वायर, ६ गेजची (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड), आणि बॅटरीपासून एका वितीच्या आत तिचा फ्यूज. ही वीत कटाक्षाने पाळा. फ्यूज सामानाचं रक्षण करत नाही, वायरीचं करतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरीचं रक्षण कोणीच करत नाही. तिथून वायर केबिनमध्ये, एका फ्यूजपेटीवर. निगेटिव्हचीही तेवढीच जाड वायर थेट बॅटरीपर्यंत परत आणा, चासीच्या भरवशावर राहू नका. या ट्रकांवर रंगाचे थरावर थर असतात, आणि पत्र्यांच्या सांध्यांत गंज. जिथे चासीला अर्थिंग द्यायचंच आहे तिथे रंग खरवडून उघडा धातू काढा, दातेरी वॉशर घाला, आणि आवळल्यावर वरून ग्रीस किंवा रंग मारा.

रंग खरवडताना एक सांभाळा. रासायनिक अस्त्रांपासून बचाव करणारा जो खास लष्करी रंग या गाड्यांवर असतो, त्याच्या जुन्या प्रायमरमध्ये क्रोमियमची विषारी संयुगं आहेत. ग्राइंडर लावून धूळ उडवू नका. जागा ओली करा, हाताने घासा, चांगला मास्क लावा, आणि मुलांना त्या वेळी ट्रकाजवळ फिरकू देऊ नका.

मूळ वायरिंगला मात्र हात लावू नका. त्याची मला खरोखर काळजी वाटते, कारण ते वायरिंग फार विचाराने केलेलं आहे आणि लोक ते कापून टाकतात. सगळ्या वायरी काळ्या दिसतात म्हणून नवखा माणूस गोंधळतो, पण प्रत्येक वायरीच्या टोकाला एक बारीक धातूची पट्टी गुंडाळलेली असते आणि तिच्यावर नंबर ठोकलेला असतो. बोटाने चिखल पुसा, दिसेल. १७ म्हणजे हेडलाइटचा वरचा झोत, १८ म्हणजे खालचा. हेच नंबर त्या काळच्या अमेरिकी लष्करी जीपपासून पाच टनी ट्रकापर्यंत चालतात, आणि तांत्रिक पुस्तिकेतल्या नकाशावरही तेच असतात. पन्नास वर्षांनंतर कोणीही माणूस नंबर वाचून दोष शोधू शकतो. मधूनच कापून टेप गुंडाळलेला जोड दिला की ती साखळी तुटते. जोड रबरी टोप्यांचे आहेत, दाबून बसवायचे. सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा, सहज बसतात आणि सुटतात. मूळ वायरीतून सिग्नल घ्यायचाच असेल तर त्याच रबरी जोडाचा वाय-आकाराचा तुकडा मिळतो, तो मध्ये घाला. वायर एकही कापली जात नाही.

नव्या शाखेच्या वायरींनाही तसेच नंबर द्या. मी ५०० पासून पुढे देतो, म्हणजे मूळ कुठलं आणि जोडलेलं कुठलं हे पुढच्या माणसाला लगेच कळतं.

सामान निवडताना पाकिटावरचा वरचा आकडा वाचा. २४ व्होल्टचा ट्रक चालू असताना २८ ते २८.५ व्होल्टवर असतो. "१० ते ३० व्होल्ट" लिहिलेला एलईडी हेडलाइट किंवा कॅमेरा त्यावर चालेल, पण डोक्यावर दीडच व्होल्टची जागा उरते. ३६ किंवा त्याहून वरचा आकडा असलेलं सामान घ्या. लष्करी वाहनांच्या विजेसाठी अमेरिकेचं मिल-स्टँडर्ड १२७५ हे मानक आहे. बॅटरी तुटून अल्टरनेटर एकटा पडला तर क्षणभर १०० व्होल्टपर्यंतची उसळी येऊ शकते, असं धरून त्याच्या आधीच्या आवृत्त्या लिहिलेल्या आहेत. लष्कराचं मूळ सामान ती सोसतं. बाजारातला यूएसबी चार्जर सोसत नाही. म्हणूनच तुम्ही बॅटरीचा मुख्य कट-ऑफ स्विच बसवलात, आणि बसवावाच, तर इंजिन चालू असताना तो कधीही फिरवू नका. या ट्रकाचं इंजिन विजेवर थांबत नाही, डिझेल तोडणारी ओढ-दांडी ओढूनच थांबतं. नवखा माणूस कट-ऑफ फिरवतो, इंजिन चालूच राहतं, आणि अल्टरनेटर बॅटरीवाचून उसळतो. स्विचशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: आधी इंजिन बंद.

स्विच आणि रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) २४ चेच घ्या. रिलेची कॉइल तर २४ ची हवीच, पण कॉन्टॅक्टही बघा. १४ व्होल्टला ४० अँपिअर लिहिलेला रिले २८ व्होल्टच्या डीसीला साधारण निम्माच धरावा, कारण कॉन्टॅक्ट उघडताना पडणारी ठिणगी व्होल्टेज वाढला की लवकर विझत नाही. फ्यूजची काळजी नको. मोटारीतले पात्याचे साधे फ्यूज ३२ व्होल्टपर्यंत चालतात.

फ्रिजचा प्रश्न तुम्हाला वाटतो तितका अवघड नाही. मोटारीसाठीचे कॉम्प्रेसरवाले फ्रिज बहुतेक १२ आणि २४ दोन्हींवर चालतात आणि व्होल्टेज स्वतः ओळखतात. त्याला कन्व्हर्टरमधून नेऊच नका, थेट २४ च्या फ्यूजपेटीवर लावा. ४५ वॅटचा फ्रिज निम्मा वेळ चालतो असं धरलं तर दिवसाला २२ अँपिअर-तासांच्या आसपास खर्च. १२० अँपिअर-तासांच्या ६टी बॅटऱ्या असतील तर दोन दिवस मुक्काम करून सेल्फ आरामात लागेल. मागचे कामाचे दिवेही थेट २४ वर. १२ च्या शाखेवर तेवढंच ठेवा ज्याला १२ वाचून चालतच नाही.

कन्व्हर्टरला किंवा चार्जरला मात्र इग्निशनच्या रिलेतून चालू-बंद करा. रिकामा बसलेला कन्व्हर्टरही थोडा करंट पीत राहतो, आणि हे ट्रक महिनामहिना उभे असतात. अल्टरनेटरवरची पट्टीही वाचून घ्या. ६० अँपिअरचा असेल तर १६०० वॅटहून अधिक ताकद आहे, तुमची सगळी यादी पचेल. काही जुन्या ट्रकांवर अजून २५ अँपिअरचा जनरेटर असतो, तिथे रात्री हेडलाइट, रेडिओ आणि बॅटरीचं चार्जिंग एकदम जमणार नाही.

रेडिओत खरखर आली तर संशय आधी कन्व्हर्टरवर घ्या. कामाचे दिवे, कन्व्हर्टर, यूएसबी चार्जर, सगळे आत वेगाने चालू-बंद होत असतात आणि शॉर्टवेव्हवर त्यांचा आवाज येतो. एकेक फ्यूज काढत जा, चोर सापडतो. मग त्याच्या दोन्ही वायरी फेराइटच्या (खरखर अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या) कड्यातून काही वेढे देऊन न्या, आणि अँटेनाची वायर त्यापासून लांबून फिरवा.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत पण ज्याच्यावर जीव अवलंबून आहे. या ट्रकाचा दिव्यांचा स्विच तीन दांड्यांचा असतो. तो पूर्ण बंद असताना ब्रेक लाइट लागत नाहीत आणि इंडिकेटरही चालत नाहीत. अंधारात शत्रूला एकही दिवा दिसू नये म्हणून लष्कराने तो तसा केलेला आहे. दिवसा रस्त्यावर निघताना मोठी दांडी "स्टॉप लाइट" खुणेवर आणि रात्री "सर्व्हिस ड्राइव्ह"वर हवी. दुसऱ्या बाजूच्या ब्लॅकआउट खुणांवर रस्त्याला कधीही जाऊ नका. बरेच नवे मालक महिनोन्महिने विनाब्रेकलाइट हिंडतात, कारण मागचं त्यांना दिसत नाही. मी अशा ट्रकांत एक बारीक हिरवा दिवा डॅशवर बसवतो, दांडी योग्य जागी असली तरच लागणारा.

मागचे दिवे एलईडी केलेत तर जुना फ्लॅशर बदलावा लागतो. तो बल्बांच्या करंटवर चालतो, एलईडीचा तेवढा करंट त्याला पुरत नाही. एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या.

ट्रेलरला ट्रकाच्या मागच्या बारा पिनांच्या सॉकेटमधून थेट काही देऊ नका. तिथे २४ व्होल्ट आहेत, नागरी ट्रेलरचे १२ चे बल्ब क्षणात जातील. तीन छोटे रिले लागतील, २४ च्या कॉइलचे, आतच डायोड असलेले. ट्रकाच्या मागच्या दिव्यांवरून वाय-तुकडे घालून एक कॉइल टेललाइटला, एक डाव्या आणि एक उजव्या ब्रेक-इंडिकेटरला. कॉन्टॅक्टमधून जातील तुमच्या तिसऱ्या बॅटरीचे १२ व्होल्ट, फ्यूजमार्गे. अमेरिकेतल्या चार पिनांच्या चपट्या जोडात तपकिरी टेलला, पिवळी डाव्याला, हिरवी उजव्याला, पांढरी अर्थिंगला. ट्रक आणि ट्रेलर दोघांतही ब्रेक आणि इंडिकेटर एकाच दिव्यातून दिसतात, म्हणून एकास एक जुळतं, वेगळं काही करावं लागत नाही. पांढरी वायर हुकाच्या भरवशावर सोडू नका, तीही बॅटरीपर्यंत आणा.

ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर दोन अ‍ॅक्सलच्या चार चुंबकांना पूर्ण दाबल्यावर १२ अँपिअरच्या आसपास लागतात. ब्रेक कंट्रोलर केबिनमध्ये, १२ व्होल्टवर. त्याला ब्रेक पेडलचा जो सिग्नल लागतो तो ट्रकात २४ चा आहे. सरळ जोडलात तर कंट्रोलर गेला. तिथे चौथा रिले घाला आणि तो सिग्नल ब्रेक लाइटच्या स्विचवरूनच घ्या, मागच्या दिव्यावरून नको, नाहीतर इंडिकेटर लावल्यावर ट्रेलर प्रत्येक टिकटिकीला ब्रेक मारेल. ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी छोटी बॅटरी ट्रेलरवरच असते, तिला भरणारी वायरही याच १२ व्होल्टच्या पेटीतून न्या आणि निघण्यापूर्वी तिची पिन ओढून चाकं अडतात का ते बघा.